खालच्या मजल्यावरचा काडुपापा

चूक माझी होती, आणि ती अज्ञानातून झाली असं मी बरेच महिने स्वतःला सांगत राहिलो. ते अर्धंच खरं आहे. मला अक्कांचा राग होता. राग नसता तर मी त्यांच्या दारात उभा राहून एक साधा प्रश्न विचारला असता, त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि एका बाईला माझ्यामुळे चेटकीण म्हणवून घ्यावं लागलं नसतं.

जुळे सोलापुरात आमची बारा घरांची इमारत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देतो. मोडनिंबला, केमला, जिथे बोलावतील तिथे जातो. जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवतो, लिंबातून रक्त काढतो, मग त्यामागचं रसायन सांगतो. माझ्या व्याख्यानात एक वाक्य ठरलेलं असायचं: "करणी खरी नसते, पण करणी करणारी माणसं खरी असतात. ती तुमच्या शेजारीच असतात." या वाक्याला टाळ्या पडायच्या. आता ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

अक्का आमच्या घराच्या बरोबर खालच्या घरात भाड्याने राहत. अक्कलकोटकडची माणसं, घरात कानडी. त्यांचा नवरा नारळाच्या ट्रकवर चालक. दर आठ-दहा दिवसांनी तुमकूरकडच्या बागांमध्ये जायचा, नारळ भरून सोलापूरच्या बाजारात आणायचा. त्याला सगळे अण्णा म्हणत. अक्का कडक भाकरी करून दुकानांना घालत. पहाटे चारला त्यांची थापायला सुरुवात व्हायची, आणि तो आवाज फरशीतून थेट माझ्या उशाखाली यायचा. यावरून आमची भांडणं व्हायची. शेवटचं भांडण जिन्यात झालं.

"अक्का, पहाटे चारला माणसं झोपलेली असतात," मी म्हणालो.

"मग काय दुपारी बाराला थापू व्हय? वाळायला येळ लागतो, सर. दुकानदार धा वाजता दारात उभा असतो."

"सोसायटीचे काही नियम आहेत."

"नियमात भाकरी बसत न्हाय का? तुमच्या घरात तर रोज चार जातात की माझ्या."

माझी बायको माझ्या मागेच उभी होती. ती हसली. अक्काही हसल्या. मी सोसायटीचा सचिव, आणि दोन बायकांनी जिन्यात माझं बोलणं हसण्यावारी नेलं. ही गोष्ट इतकी क्षुल्लक आहे की लिहिताना हात अडखळतो. पण त्या दिवसापासून मी अक्कांच्या घराकडे पाळत ठेवल्यासारखा बघायला लागलो, हे खरं आहे.

मग गेल्या वर्षी, उन्हाळा सुरू होता होता, काही गोष्टी माझ्या नजरेत भरल्या. जिन्यात मुताचा उग्र वास यायला लागला. रात्री खालून एक बारीक, धारदार शीळ ऐकू यायची, मध्येच थांबायची, पुन्हा यायची. पक्ष्याची वाटायची नाही आणि माणसाचीही नाही. एका रात्री अकराच्या सुमाराला मी गॅलरीत आलो तर अक्का रस्त्यावरच्या दिव्याखाली वाकून काहीतरी वेचत होत्या. हातात लोणच्याची बरणी. दिव्याखाली पडलेले किडे आणि नाकतोडे त्या चिमटीत धरून बरणीत टाकत होत्या आणि वर तळहात ठेवत होत्या.

मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "कोंबडी पाळली असेल."

"घरात? आणि कोंबडीसाठी रात्री अकराला किडे?"

"मग उद्या जाऊन विचारा की. दोन पायऱ्या तर उतरायच्यात."

मी विचारलं नाही. मनातल्या मनात जुळणी करत राहिलो.

चार दिवसांनी अमावस्या होती. शाळा सकाळची होती, मी दुपारी घरी आलो. जिन्यातला वास असह्य झाला होता, म्हणून अक्कांना जाब विचारायला दारापाशी गेलो. दार उघडं होतं, अक्का मागे मोरीत होत्या. पुढच्या खोलीत कुंकू लावलेला कोहळा होता, लिंबं-मिरच्यांची माळ होती, फोडायचा नारळ होता. कोपऱ्यात अंधारात बांबूची करंडी, तिच्यावर छत्रीचं काळं कापड. मी कापड उचललं.

आत राखाडी लोकरीचा एक गोळा होता. त्याला काडीसारखे लांब हातपाय होते. एक हात खांद्यापासून कोपरापर्यंत हळदीने पिवळा झालेला. गोळा गुंगी आल्यासारखा हळूहळू उलगडला, माणसाच्या तान्ह्या पोरासारखा चेहरा वर आला, आणि त्या चेहऱ्यावर दोन प्रचंड गोल डोळे होते. मी मोबाइल काढून फोटो घेतला. फ्लॅश पडल्यावर त्या जनावराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं पूर्ण झालं होतं. अमावस्या, कोहळा, लिंबं, काळं कापड, हळद लावलेला जीव. अशा प्राण्याला छळून भविष्य विचारतात, त्याच्या डोळ्यांचं औषध करतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी वर गेलो, वनखात्याला फोन केला, आणि मग इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसकट लिहिलं: "आपल्या इमारतीत एका मुक्या प्राण्यावर अघोरी प्रयोग सुरू आहेत. आज अमावस्या आहे, बळी द्यायची तयारी दिसते. घाबरू नका, पण गप्पही बसू नका."

वनखात्याची माणसं यायला तास लागला. ग्रुपवरची माणसं पाच मिनिटांत आली. शेजारच्या इमारतीतलीही आली. तीस-चाळीस जण जिन्यात आणि अक्कांच्या पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या हातात मोबाइलचे दिवे.

"लाईट मारू नका," अक्का करंडीवर पदर धरून सांगत होत्या. "डोळं जातील त्याचं. रातीचं जनावर हाय त्ये."

"कुठून आणलं?" मी विचारलं.

"गाडीत आलं, नारळातनं. ताडपत्री सोडली तर खाली बसलेलं. दोरीनं हात कापलेला. आमच्या तिकडं काडुपापा म्हणत्यात, रानातलं बाळ. उद्या गाडी जाणार हाय सर, ज्या बागेतनं आलं त्याच बागेत सोडणार हायेत ह्ये."

"आणि हा कोहळा?"

"गाडीचा हाय की. दर अवसेला फोडत्यात गाडीफुडं. तुमी रोज जाता-येता बघता."

बघत होतो. दर अमावस्येला अण्णा ट्रकसमोर कोहळा फोडायचा आणि मी वरून नाक मुरडायचो. तरीही सगळ्यांसमोर मी म्हणालो, "हे सगळं वनखात्याच्या साहेबांना सांगा."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, पदर काढा, बघू तरी द्या." कोणीतरी करंडी ओढली. करंडी कलंडली, जनावर बाहेर आलं, आणि त्याच्या पोटाला चिकटलेलं काहीतरी फरशीवर पडलं. माझ्या बोटाएवढं असेल. ते पिलू होतं. अक्कांनी ते ओंजळीत उचललं आणि आईच्या पोटाशी नेऊन धरलं. आईने ते धरलं की नाही हे मला दिसलं नाही, कारण समोर दिवेच दिवे होते.

अक्कांनी वर बघितलं. माझ्याकडेच बघितलं. "लेकुरवाळी हाय म्हणून कुणाला सांगितलं न्हवतं," त्या म्हणाल्या. पुढे त्या माझ्याशी कित्येक महिने बोलल्या नाहीत.

वनरक्षक आले, मायलेकरांना खोक्यात घालून घेऊन गेले. अण्णाला जबाबासाठी बोलावलं. वन्यप्राणी घरात ठेवणं गुन्हाच आहे, त्यामुळे कायदा माझ्या बाजूने होता. त्या रात्री मला शांत झोप लागली. हेही लिहायलाच हवं.

तिसऱ्या दिवशी वनरक्षकाचा फोन आला. माझ्या लेखी तक्रारीबद्दल बोलायचं होतं.

"सर, तुम्ही विज्ञानाचे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बळीबिळी कशाला लिहिलंत? हळद जखमेवर होती. जखम चांगली धुतलेली होती. डॉक्टर म्हणाले, बाईने वेळेवर लावली म्हणून हात वाचला."

"आणि पिलू?"

"पिलू गेलं. पडलं त्या रात्रीच गेलं. आईने दोन दिवस सोडलं नव्हतं हातातून."

मी तक्रारीतला बळीचा उल्लेख काढून टाकतो म्हणालो. तो म्हणाला, "काढा. प्राणी रात्रीचा असला की लोकांना करणीच दिसते. तुम्हाला दिसायला नको होती."

त्यानंतर मी वाचायला लागलो. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की माकडं दिवसा वावरतात आणि रात्री झोपतात. वाचल्यावर कळलं की दक्षिण अमेरिकेत रात्री वावरणारी माकडं आहेत, आणि त्यांच्यात पिलू पाठीवर घेऊन फिरायचं काम बहुतेक वेळ बाप करतो. आईकडे ते फक्त पिण्यापुरतं जातं. आपल्याकडचा काडुपापा म्हणजे लोरिस. तो माकड नाही, माकडांचा लांबचा भाऊबंद आहे. दिवसा तो काट्याकुट्याच्या जाळीत डोकं पोटात घालून झोपतो, म्हणून मला तो गुंगीचं औषध दिल्यासारखा वाटला होता. तो उडी मारत नाही. एक हात सोडण्याआधी दुसरा घट्ट धरतो आणि फांदीवरून इतका सावकाश जातो की पान हलत नाही. त्याचं पोट किड्या-मुंग्यांवर भरतं, अगदी उग्र वासाच्या किड्यांवरही, म्हणजे दिव्याखालची ती बरणी त्याच्या जेवणाची होती. तो स्वतःच्या मुताने हातपाय माखून घेतो, ही त्याची सवयच आहे. जिन्यातला वास तो होता. रात्री एकमेकांना आपली जागा कळवायला तो शीळ घालतो. आमच्या इमारतीत त्या शिळेला उत्तर द्यायला कोणी नव्हतं, तरी तो घालत होता. त्याच्या डोळ्यांच्या मागे आरशासारखा थर असतो, चांदण्याचा कवडसाही त्याला पुरतो. त्या डोळ्यांवर आम्ही चाळीस दिवे धरले होते.

एकेक गोष्ट कळत गेली तसतसा माझा एकेक पुरावा गळून पडत गेला. शेवटी एकही उरला नाही.

तेव्हाच मी ग्रुपवर दोन ओळी लिहायला हव्या होत्या. त्याऐवजी मी माझा जुना संदेश गुपचूप डिलीट केला. तिथे 'हा संदेश हटवला आहे' एवढंच उरलं. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, बरं केलंत काढलंत ते. अशा बाईच्या वाट्याला जाऊ नये. काही झालं का तुम्हाला? ताप वगैरे?"

"नाही हो. तसं काही नसतं."

"तुम्ही असं म्हणणारच. पण सरांसारखा माणूस घाबरला म्हणजे पाणी खोल आहे."

माझं व्याख्यानातलं वाक्य लोकांनी असं ऐकलं होतं. करणी खरी नसते हा भाग हवेत गेला. करणी करणारी शेजारी असते एवढंच राहिलं, आणि ते सांगणारा माणूस अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. इमारतीतल्या घरांनी अक्कांच्या भाकऱ्या बंद केल्या. मग जवळच्या दोन दुकानांनी. अक्कांच्या उंबऱ्यावर कोणीतरी काळी बाहुली टाकली. लहान मुलं त्यांच्या दारासमोरून श्वास धरून पळायची. पहाटेचा थापण्याचा आवाज चारऐवजी पाचला सुरू व्हायला लागला आणि अर्ध्या तासात संपायला लागला. मी जागा राहून तो ऐकायचो. अण्णा चौकशीच्या फेऱ्यांत अडकला होता तेव्हा ट्रकच्या मालकाने दुसरा चालक ठेवला.

माझ्या बायकोने भाकऱ्या बंद केल्या नाहीत. ती रोज खाली जायची, चार भाकऱ्या आणायची, माझ्या ताटासमोर ठेवायची आणि म्हणायची, "खा. करणीच्या आहेत."

घरात आमचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एकदा मी तिला म्हणालो की वेळ आली की मी माफी मागणार आहे. ती म्हणाली, "वेळ काय पंचांगात बघताय? आरोप करताना नव्हता बघितला."

श्रावणात एका संध्याकाळी मी सफरचंदं घेऊन अक्कांच्या दारात गेलो. अण्णाने दार उघडलं आणि बाजूला झाला. अक्का आतून आल्या. मी दाराच्या आत एक पाऊल टाकून, हळू आवाजात म्हणालो की माझं चुकलं.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"मी तुम्हाला... मला प्राण्याबद्दल माहिती नव्हती."

"मला तरी कुटं हुती? मी सासूला फोन करून इचारलं, किडं खातं का म्हणून." त्या सफरचंदाच्या पिशवीकडे बघत होत्या. "तुमी हळू का बोलताय, सर?"

मी पिशवी पुढे केली.

"तुमचं चुकलं ह्ये मला पयल्या दिवशी ठावं हुतं. मला सांगून काय उपेग? ज्यास्नी सांगितलंय त्यास्नी सांगा. जितं बोलला तितं बोला. आन् ही पिशवी न्या. तुमच्या घरचं मी खाल्लं तर उद्या म्हनतील, अक्कानं सरावर बी केलं कायतरी."

मी पिशवी घेऊन वर आलो. आणि तरीही दोन महिने काही बोललो नाही. शाळेत कळेल, व्याख्यानं बंद होतील, ज्यांच्याविरुद्ध मी बोलत आलो ते बुवा-बाबा हसतील, अशी माझी कारणं होती. त्या दोन महिन्यांत मी केमजवळच्या एका गावात व्याख्यान दिलं. ठरलेल्या वाक्यापाशी आलो आणि ते गाळून पुढे गेलो. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या आधी सोसायटीची सभा होती. चार सभासदांनी लेखी मागणी दिली की खालच्या घरातील भाडेकरूंना घर रिकामं करायला सांगावं, कारण 'इमारतीतील मुलाबाळांच्या सुरक्षिततेचा प्रश्न' आहे. सोबत मीच काढलेल्या फोटोची छापील प्रत जोडली होती. घरमालक पुण्याला राहतो, तो म्हणाला, सोसायटीने ठराव केला तर मी महिन्याभरात त्यांना काढतो. सचिव म्हणून ती मागणी वाचून दाखवायचं काम माझं होतं.

सभा पार्किंगमध्ये होती. सतरंजीवर पुढे पुरुष, मागे बायका, दुचाक्या भिंतीला लावलेल्या. भाडेकरूंना सभेत बोलता येत नाही, पण अक्का आणि अण्णा आपल्या दारात उभे होते. तिथून सगळं ऐकू येतं. मी उठलो. मागणीचा कागद माझ्या हातात होता. माझी बायको बायकांमध्ये बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो की हा विषय वाचण्याआधी मला बोलायचं आहे.

"सर, विषयपत्रिकेप्रमाणे चला," ते निवृत्त गृहस्थ म्हणाले.

"विषय मीच निर्माण केलाय, तर आधी मीच बोलतो."

मी बोललो. वास कशाचा होता, शीळ कशाची होती, किडे कशाला वेचले, हळद कुठे लावली होती, कोहळा कशासाठी होता, हे एकेक सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. मध्ये कोणीतरी म्हणालं, "मग तेव्हा तुम्ही घाबरून मेसेज का काढलात?"

"मी अक्कांना घाबरलो नव्हतो," मी म्हणालो. "तुम्ही मला काय म्हणाल याला घाबरलो होतो. खरं मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. सात महिने मी ते लपवलं."

सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. एक जण उठून निघून गेला. मी दाराकडे वळलो. अण्णाने मान खाली घातली होती. अक्का माझ्याकडे सरळ बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काही सोपं केलेलं नव्हतं. मी शक्य तितक्या मोठ्या आवाजात म्हणालो, शेवटच्या दुचाकीपर्यंत ऐकू जावं इतक्या:

"अक्का, तुम्ही एका जखमी जिवाला सांभाळत होता आणि मी तुमच्यावर बळीचा आळ घेतला. तो खोटा होता. पहाटेच्या आवाजावरून माझ्या मनात तुमच्याबद्दल राग होता, म्हणून मी तुम्हाला काही विचारलं नाही. ते पिलू मी जमवलेल्या गर्दीत पडलं आणि मेलं. तुमच्या भाकऱ्या माझ्यामुळे बंद झाल्या, अण्णांची गाडी माझ्यामुळे गेली. मी हे सगळं आता ग्रुपवरही लिहितो आहे, माझ्या नावाने, आणि ते काढणार नाही. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."